भुजेल कोण, त्यांची भाषा कोणती आणि ती बोलणारे नेमके किती?

काठमांडू-पोखरा अशी नेपाळची ठरलेली टूर केलेल्यांना पृथ्वी महामार्ग आठवत असेल. मनकामना देवीची केबल कार मागे पडते, मुग्लिंगचा पूल येतो आणि गाडी पोखऱ्याच्या दिशेने मर्स्यांगदी नदीच्या काठाने धावू लागते. इथून तनहूँ जिल्हा सुरू होतो. डाव्या हाताला जो उंच डोंगर दिसतो तो छिम्केश्वरीचा. उंची साधारण २,१०० मीटर, माथ्यावर देवीचं मंदिर. ट्रेकिंग करणारे सोडले तर पर्यटक तिकडे वळत नाहीत. याच डोंगराच्या आसपासच्या गावांमध्ये भुजेल नावाची भाषा बोलली जाते.

नेपाळच्या जनगणनेत या भाषेचं वागणं मोठं चमत्कारिक आहे. २००१ साली भुजेल ही आपली मातृभाषा आहे असं १०,७३३ लोकांनी सांगितलं. २०११ साली हा आकडा २१,७१५ झाला, म्हणजे दहा वर्षांत दुप्पट. आणि २०२१ साली तो पुन्हा घसरून १३ हजारांच्या आसपास आला. या काळात भुजेल समाजाची लोकसंख्या मात्र १ लाख १७ हजारांवरून १ लाख २० हजारांवर, इतकीच सरकली. दहा वर्षांत दहा-अकरा हजार माणसं एखादी भाषा शिकतात आणि पुढच्या दहा वर्षांत त्यातली आठ हजार ती विसरतात, असं होत नाही. मग झालं काय? त्यासाठी भुजेल कोण हे आधी समजून घ्यावं लागतं आणि ती गोष्ट थेट नेपाळमधल्या गुलामगिरीपर्यंत जाते.

आधी भाषेबद्दल

नेपाळी भाषा आपल्याला ओळखीची वाटते, कारण ती आपल्याच घरातली आहे. मराठी, हिंदी, बंगालीसारखीच ती इंडो-आर्यन कुळातली. देवनागरीत लिहिलेली नेपाळी पाटी मराठी माणूस अडखळत का होईना, वाचतो आणि निम्मी समजूनही घेतो. भुजेलचं तसं नाही. ती तिबेटी-बर्मी कुळातली भाषा आहे. तिचे दूरचे नातेवाईक म्हणजे तिबेटी, बर्मी, मणिपूरची मैतेई, नेपाळातल्या तामांग, गुरुंग, लिंबू वगैरे भाषा.

सगळ्यात जवळची नातेवाईक म्हणजे चेपांग. चेपांग लोक शेजारच्या चितवन, धादिंग, मकवानपूर आणि गोरखा भागातले. काही पिढ्यांपूर्वीपर्यंत जंगलातले कंद आणि शिकार यांवर त्यांचा बराचसा निर्वाह चालायचा. या दोन भाषा इतक्या जवळच्या आहेत की बराच काळ भुजेलला 'पश्चिमेकडची चेपांग' म्हणूनच धरलं जात होतं. ब्रिटिश अधिकारी ब्रायन हॉजसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चेपांगबद्दल लिहिलं, त्यामुळे ती अभ्यासकांना तेव्हापासून माहीत होती. भुजेलला मात्र स्वतःचं पूर्ण व्याकरण मिळायला २००७ साल उजाडावं लागलं. काठमांडूच्या त्रिभुवन विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ दानराज रेग्मी यांनी याच भाषेवर पीएच.डी. केली. पुढे त्यांचं भुजेलचं व्याकरण जर्मनीतून पुस्तकरूपाने आलं. त्याआधी ही भाषा जवळजवळ कागदावर आलेलीच नव्हती.

मग ही भाषा आहे तरी कशी?

भुजेलमध्ये 'मी' ला म्हणतात 'ङा'. हो, तोच 'ङ', जो आपण क-ख-ग-घ नंतर पाठ केला आणि 'वाङ्मय' सोडून पुन्हा कुठे वापरला नाही. मराठीत एकही शब्द ङ ने सुरू होत नाही, त्यामुळे हा शब्द म्हणताना आपली जीभ अडते. तिबेटीपासून बर्मीपर्यंत या कुळातल्या असंख्य भाषांमध्ये 'मी' साठी याच धाटणीचा शब्द आहे. हजारो वर्षांत बाकी खूप काही बदललं, 'मी' टिकून राहिला.

दुसरी गोष्ट वचनांची. मराठीत एकवचन आणि अनेकवचन. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना द्विवचन आठवत असेल: रामः, रामौ, रामाः. मराठीने ते कधीच टाकून दिलं. भुजेलमध्ये ते आहे. 'आम्ही दोघं' आणि 'आम्ही सगळे' यांची तिथे वेगवेगळी रूपं होतात आणि त्यानुसार क्रियापदही बदलतं.

पण या भाषेतली खरी गंमत क्रियापदाच्या पोटात आहे. मराठीतली ही दोन वाक्यं बघा: 'मी त्याला मारलं' आणि 'त्याने मला मारलं'. दोन्हीकडे क्रियापद तेच, 'मारलं'. कोणी कोणाला मारलं हे आपल्याला 'त्याला', 'मला', 'त्याने' यांवरून कळतं. भुजेल आणि चेपांगमध्ये हा हिशोब क्रियापद स्वतः ठेवतं. या भाषांच्या लेखी संभाषणात समोरासमोर असलेले 'मी' आणि 'तू' वरच्या पायरीवर असतात आणि जो तिथे नाही तो 'तो' खालच्या पायरीवर. क्रिया वरून खाली गेली, म्हणजे मी किंवा तू त्याला काही केलं, तर क्रियापदाचं एक रूप. क्रिया उलट्या दिशेने आली, त्याने मला किंवा तुला काही केलं, तर वेगळी खूण लागते. म्हणजे नुसतं क्रियापद ऐकूनही मार कोणत्या दिशेने गेला हे कळतं. अशी व्यवस्था कॅनडातल्या क्रीसारख्या मूळ रहिवाशांच्या भाषांमध्ये सापडते आणि भाषाशास्त्राच्या वर्गात तिचं उदाहरण म्हणून बहुतेक वेळा त्याच भाषा दिल्या जातात. तेच कोडं इथे मुग्लिंगपासून काही तासांच्या चढणीवर बोललं जातं.

हिमालयातल्या अशा भाषांबद्दल वाचताना मराठी माणसाला एका बाबतीत मात्र घरच्यासारखं वाटावं. 'आम्ही जेवायला जातोय' आणि 'आपण जेवायला जाऊ' यातला फरक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात समोरच्याला वगळलंय, दुसऱ्यात धरलंय. इंग्रजीला हा फरक जमत नाही, प्रमाण हिंदीलाही नाही. लिंबूसारख्या हिमालयीन भाषांमध्ये तो अगदी बारकाईने पाळला जातो आणि तिथे 'आपण दोघं', 'आम्ही दोघं', 'आपण सगळे', 'आम्ही सगळे' असे चार-चार शब्द असतात.

शेजारच्या चेपांगमध्ये आणखी एक जुनी चीज आहे. तिथे मोजणी दहाच्या नाही तर बाराच्या गटांत होत असे. जगात अशा भाषा फार थोड्या. अंगठा सोडून चार बोटांची तीन-तीन पेरं मोजली तर बारा होतात, त्यामुळे कल्पना तशी अवघड नाही. पण आज तिथल्या पोरांना शाळेत आणि बाजारात दहाच्याच हिशोबाने चालावं लागतं आणि नेपाळी आकडे सोयीचे पडतात. लहान भाषांमध्ये बहुधा आकडेच आधी जातात.

एक नाव, अनेक माणसं

'भुजेल' हे नाव कुठून आलं याबद्दल एक मत असं की बागलुंग जिल्ह्यातल्या भुजी खोऱ्यावरून. नेपाळीत गावाच्या नावाला 'एल' किंवा 'आल' लावून आडनाव करण्याची पद्धत आहे, पोखरा नावाच्या गावावरून पोखरेल, तसं भुजीवरून भुजेल. आपल्याकडच्या 'कर' सारखंच म्हणायचं.

पण कागदोपत्री या समाजाचं नाव बराच काळ वेगळंच होतं: घर्ती. आणि गोंधळाला इथून सुरुवात होते. आपल्याकडे पवार म्हटलं की माणूस मराठा आहे, दलित आहे की पारधी, हे नुसत्या आडनावावरून सांगता येत नाही. घर्तीचं तसंच. मगर समाजात घर्ती नावाचं कुळ आहे. पुन, राणा, थापा, आले, बुढाथोकी यांच्या बरोबरीने ते गुरखा पलटणींच्या भरतीच्या जुन्या पुस्तकांत सापडतं. छेत्रींमध्येही घर्ती आहेत. भुजेलांनाही घर्ती म्हणत. आणि या तिघांशिवाय घर्ती या शब्दाला चौथा अर्थ होता: गुलामीतून सुटलेला माणूस.

हा चौथा अर्थ कायद्यात बसलेला होता. १८५४ साली जंगबहादुर राणांच्या सत्तेत नेपाळचा 'मुलुकी ऐन' आला. देशातल्या सगळ्या जातीजमातींना एकाच उतरंडीत बसवणारा हा कायदा होता. सगळ्यात वर जानवं घालणारे. त्यांच्या खाली 'मतवाली', म्हणजे दारू पिणाऱ्या जमाती. आणि या मतवालींचे पुन्हा दोन भाग: 'नमासिन्या', ज्यांना गुलाम करता येत नाही, आणि 'मासिन्या', ज्यांना करता येतं. ठरावीक गुन्हा केला तर दुसऱ्या गटातल्या माणसाला शिक्षा म्हणून गुलाम करण्याची तरतूद होती. गुरुंग, मगर वरच्या भागात. चेपांग, कुमाल, हायू, थारू, भोटे आणि घर्ती खालच्या. त्याखाली अस्पृश्य मानलेल्या जाती होत्याच. माणसाची किंमत किती हे त्याच्या जन्मावरून लिहून ठेवणारा असा तपशीलवार सरकारी दस्तऐवज दक्षिण आशियात क्वचितच दुसरा मिळेल. आंद्रास होफर या अभ्यासकाने १९७९ साली त्यावर लिहिलेलं पुस्तक आजही या विषयाचा पाया मानलं जातं.

ब्रिटिश भारतात गुलामगिरीला असलेला कायद्याचा आधार १८४३ साली काढून घेण्यात आला होता. नेपाळमध्ये ती आणखी ऐंशी वर्षं चालली. २८ नोव्हेंबर १९२४ रोजी पंतप्रधान चंद्र शमशेर राणांनी काठमांडूच्या टुंडीखेल मैदानावर गुलामगिरी संपवण्याचं लांबलचक आवाहन केलं आणि १९२५ साली ती कायद्याने संपली. तेव्हा देशात पन्नास हजारांहून जास्त गुलाम होते. मोबदला मिळाला. कोणाला? मालकांना.

सुटलेल्यांपैकी काहींना तराईतल्या भीछाखोरी नावाच्या जागी वसवण्यात आलं आणि त्या जागेचं नाव ठेवण्यात आलं अमलेखगंज. 'अमलेख' म्हणजे मुक्त केलेला. बिहारमधल्या रक्सौलहून १९२७ साली नेपाळची पहिली रेल्वे इथवरच आली. आता हे नाव बातम्यांत येतं ते पेट्रोलसाठी. मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी २०१९ साली सुरू झाली, तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांनीही ती दाखवली होती. नावाचा अर्थ कोणी सांगितल्याचं मात्र आठवत नाही.

मुक्त झालेल्यांना नवं नाव मिळालं, 'शिवभक्ती'. कायद्याने गुलामगिरी गेली, पण शिवभक्ती हे नाव ऐकलं की हा कालचा गुलाम हे समोरच्याला कळायचंच. त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी ते टाकलं. कोणी घर्ती लावलं, कोणी खवास, कोणी भुजेल. यात त्यांची चूक काढण्यासारखं काही नाही. माणूस अशा वेळी दुसरं काय करणार?

पण याचा परिणाम तनहूँच्या डोंगरावर राहणाऱ्या, स्वतःची वेगळी भाषा असलेल्या भुजेलांवर झाला. 'घर्ती म्हणजे गुलामांची औलाद' हा शिक्का सरसकट सगळ्यांवर बसला. घर्ती म्हणवून घेणं म्हणजे जुनी जखम अंगावर मिरवणं. त्यामुळे समाजाच्या संघटनांनी 'आम्हाला भुजेल म्हणा' असा आग्रह धरला. आमची स्वतःची भाषा आहे, पूजाअर्चा आहे, आमचा इतिहास गुलामगिरीपासून सुरू होत नाही, असं त्यांचं म्हणणं. नेपाळ सरकारने २००२ च्या कायद्यात ५९ आदिवासी-जनजातींची यादी दिली, तिच्यात भुजेलांचं नाव आहे. जनगणनेत मात्र आजही रकाना एकच: 'घर्ती/भुजेल'. मधल्या त्या तिरक्या रेघेत दोन वेगळे इतिहास एकत्र मोजले जातात.

आता पुन्हा आकड्यांकडे

जनजातींच्या यादीत नाव असण्याला नेपाळमध्ये महत्त्व आहे. १९९० च्या लोकशाही चळवळीनंतर आणि त्याहून जास्त २००६ नंतर, राजेशाही गेल्यावर, तिथे ओळखीचं राजकारण जोरात सुरू झालं. नवी राज्यघटना लिहिली जात होती, प्रांत कसे पाडायचे यावर वाद चालू होते, आरक्षण आलं होतं. अशा वेळी २०११ ची जनगणना झाली. आपली वेगळी भाषा आहे हे आपण वेगळा समाज असल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. त्यामुळे अनेक समाजांतल्या लोकांनी घरात नेपाळी बोलत असूनही मातृभाषेच्या रकान्यात आपल्या समाजाची भाषा लिहिली. भुजेलचा आकडा तेव्हाच दुप्पट झाला. ज्या समाजाला शंभर वर्षं दुसऱ्यांनी नाव ठेवलं, त्याने पहिल्यांदा स्वतः भरलेला रकाना म्हणून त्याच्याकडे पाहिलं तर त्यात खोटेपणा दिसत नाही. भाषा बोलणाऱ्यांचा हिशोब करायला बसलं तर मात्र तो आकडा उपयोगाचा नाही.

२०२१ च्या जनगणनेत मातृभाषेसोबत 'पूर्वजांची भाषा' हा वेगळा प्रश्न आला. आजोबांची भाषा अमुक होती हे सांगायला स्वतंत्र जागा मिळाली आणि भुजेल मातृभाषा सांगणाऱ्यांचा आकडा खाली आला. हा एकच प्रश्न त्याला कारणीभूत आहे असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच जनगणनेत झाल्या हे खरं.

आणि प्रत्यक्ष बोलणारे? रेग्मी यांनी गावोगाव फिरून केलेल्या कामाच्या वेळी त्यांचा अंदाज ३,९२३ होता. म्हणजे जवळपास चार हजार. सरकारी आकड्याच्या निम्मेही नाहीत. यातले बहुतेक तनहूँतले, थोडेफार लगतच्या गोरखा, चितवन आणि नवलपरासी भागातले. नेपाळभर पसरलेल्या बाकीच्या भुजेलांना ही भाषा येत नाही आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या घराण्यात ती कधी होती की नाही, हाही प्रश्नच आहे. वर सांगितलेल्या इतिहासामुळे.

भाषा कमी का होत गेली?

याचं पहिलं उत्तर सगळ्या लहान भाषांच्या बाबतीत असतं तेच: मोठ्या भाषेची सावली. पण तनहूँच्या बाबतीत या सावलीला नाव आणि पत्ता आहे. नेपाळीचे आदिकवी भानुभक्त आचार्य, ज्यांनी रामायण नेपाळीत आणलं आणि त्या भाषेला घराघरात नेलं, ते १८१४ साली जन्मले याच तनहूँ जिल्ह्यात. आज नेपाळमध्येच नाही तर दार्जिलिंग-सिक्कीममध्येही दर वर्षी भानुजयंती साजरी होते. ज्या जिल्ह्याने एका भाषेला तिचा आदिकवी दिला, त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या भाषेला दोनशे वर्षांनी पहिलं व्याकरण मिळालं.

भानुभक्तांचा यात काही दोष नाही. दोष असलाच तर नंतरच्या धोरणांचा. १९६० मध्ये राजा महेंद्र यांनी निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं आणि नंतर पंचायत व्यवस्था आली. तीस वर्षं चाललेल्या या काळाची घोषणाच एक भाषा, एक वेश, एक देश अशी होती. शाळा नेपाळीत, रेडिओ नेपाळीत, कचेरी नेपाळीत. घरी भुजेल बोलणारं पोर पहिलीत गेलं की मास्तर काय म्हणतोय हेच त्याला कळायचं नाही. अशा पोरांचे पुढे आईबाप झाले तेव्हा त्यांनी आपल्या मुलांना तो त्रास नको म्हणून घरातच नेपाळी सुरू केली. भाषा मरते ती बहुतेक वेळा अशी, मायेपोटी.

दुसरं कारण पोटाचं. डोंगरउतारावर झुडपं जाळून मका, कोदो पेरायचे, जमीन दमली की पुढे सरकायचं, अशी या भागातली जुनी शेती. नेपाळीत तिला खोरिया म्हणतात. १९५७ साली नेपाळने खाजगी जंगलांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि नंतरचे वनकायदेही कडक होत गेले, तशी अशा शेतीची जागा आक्रसली. १९७० च्या दशकात पृथ्वी महामार्ग झाला. खाली रस्ता आला की वरची माणसं खाली येतात. आधी आँबुखैरेनी, दमौलीच्या बाजारात, मग चितवनच्या सपाट जमिनीवर, काठमांडूत, भारतात, आणि आता कतार, मलेशिया, सौदीत. बाजारात भुजेल बोलून गिऱ्हाईक मिळत नाही आणि आखाताच्या पासपोर्ट रांगेत तर नाहीच.

महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या गेटवर, हॉटेलांच्या भटारखान्यात काम करणाऱ्या नेपाळी माणसांना आपण सरसकट 'नेपाळी' किंवा 'गुरखा' म्हणतो. मुंबई-पुण्यात येणाऱ्यांपैकी पुष्कळजण नेपाळच्या अगदी पश्चिम टोकाचे, अछाम, डोटी, बझांगकडचे. त्यांची घरची बोली वेगळी. २०२१ च्या जनगणनेनुसार त्या देशात १४२ जातीजमाती आहेत आणि १२४ मातृभाषा. तेव्हा 'नेपाळी' हे उत्तर साधारण 'इंडियन' इतकंच उपयोगाचं.

भारतातले भुजेल

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दार्जिलिंगच्या चहामळ्यांसाठी नेपाळच्या डोंगरांतून मजूर येऊ लागले. त्यांच्यात भुजेलही होते. गुलामगिरी असलेल्या राज्यातून बाहेर पडण्याचा तो एक रस्ताही होता. आज दार्जिलिंग, कालिम्पोंग, सिक्कीममध्ये भुजेल समाज चांगला दिसण्याइतका आहे. पण इथे आल्यावर राई, लिंबू, मगर, तामांग सगळ्यांना जोडणारी भाषा झाली नेपाळी आणि भुजेल बोलणं मागे पडलं. १९९२ साली नेपाळी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तेव्हा त्या आनंदात भुजेलही सामील होते.

तिथे सध्या वेगळाच मुद्दा तापलेला असतो. सिक्कीममधल्या लिंबू आणि तामांग समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 'राहून गेलेल्या' समाजांची जी यादी तेव्हापासून पुढे केली जाते, तिच्यात गुरुंग, मगर, राई, सुनुवार, थामी यांच्यासोबत भुजेल आहेत. निवडणूक आली की आश्वासन मिळतं. अनुसूचित जमात ठरवताना आपल्याकडे 'वेगळी संस्कृती' हा एक निकष तपासला जातो. ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्या नेपाळीच बोलली जातेय, त्यांना हे सिद्ध करायला पूर्वजांच्या गावाकडे, म्हणजे तनहूँच्या त्या चार हजार लोकांकडेच पाहावं लागतं.

पुढे काय?

२०१५ च्या नेपाळच्या राज्यघटनेने देशात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या मातृभाषांना राष्ट्राच्या भाषा म्हटलं. मातृभाषेतून शिकण्याचा आणि त्यासाठी शाळा चालवण्याचा हक्क दिला. स्वतंत्र भाषा आयोग नेमला. सरकारी कामकाजाची भाषा मात्र देवनागरीतली नेपाळीच राहिली. प्रांतांना आणखी भाषा निवडण्याची मुभा आहे, पण ती संख्येवर ठरते. तनहूँ ज्या गंडकी प्रांतात येतो तिथे आयोगाने २०२१ मध्ये मगर, गुरुंग यांसारख्या मोठ्या भाषांची शिफारस केली. भुजेल त्या स्पर्धेत कुठेच नव्हती आणि कधी असणारही नाही.

तिच्यासाठी उपयोगी पडू शकेल अशी गोष्ट त्याहून लहान आहे. आठवीपर्यंतच्या शाळेत एक विषय स्थानिक पातळीवर ठरवण्याची तरतूद नेपाळमध्ये आहे. म्हणजे काठमांडूच्या परवानगीची वाट न बघता गावपालिकाच भुजेलचा तास सुरू करू शकते. छिम्केश्वरी आता आँबुखैरेनी गावपालिकेत येतं, बैदी देवघाट गावपालिकेत. अडचण अशी की तास घ्यायचा तर पुस्तक हवं, पुस्तकासाठी लिहिण्याची एक ठरलेली पद्धत हवी आणि शिकवायला भुजेल येणारा मास्तर हवा. लिपी देवनागरीच सोयीची, कारण पोरांना ती येतेच. शब्दाच्या सुरुवातीचा 'ङ' लिहायला देवनागरीत अक्षर तयार आहे, मराठी-नेपाळीत वापराविना पडून असलेलं. मास्तरांचा प्रश्न अवघड. ज्यांना भाषा अस्खलित येते ते बहुतेक म्हातारे आहेत आणि त्यांच्याकडे बी.एड. नाही.

सोशल मीडियावर भाषेचा 'शेवटचा वक्ता' ही बातमी नेहमी चालते. नेपाळमधल्याच कुसुंदा भाषेच्या ग्यानी मैया सेन २०२० साली वारल्या, तेव्हा जगभर बातम्या झाल्या आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. भुजेलची अशी बातमी होत नाही, कारण तिथे अजून हजारो लोक बोलतात. तिथे अजून नवरा-बायको या भाषेत भांडतात, म्हातारी नातवाला हाक मारते आणि नातू नेपाळीत उत्तर देतो. रेकॉर्डर घेऊन जायचं तर वेळ हीच आहे. शेवटचा वक्ता उरल्यावर त्याला बोलायला समोर कोणी नसतं.